पाठमोरी सूर्यफुलं

माझ्या मागच्या दारात उभं राहिलं की सूर्यफुलांच्या पाठी दिसतात. तोंडं सगळी पलीकडं. बी मी आणलं, वाफा मी केला, पाणी मी घालते, गुडघे माझे दुखतात आणि फुलं बघतात माझ्या जावेच्या घराकडं. आठ वर्षं हेच चाललंय. पहिल्या वर्षी राग आला, दुसऱ्या वर्षी स्वतःचंच हसू आलं. आता रागही नको वाटतो आणि हसूही. दमायला झालंय.

ही शेतातली, तेलाची सूर्यफुलं नव्हेत. त्या सूर्यफुलाला एक दांडा आणि एक डोकं. डोकं जड झालं की मान टाकून उभं राहतं, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं. माझी ही बागेतली जात. माणसाच्या डोक्यावर हातभर वाढते, अंगभर फांद्या फुटतात आणि एकेका झाडाला तीस-चाळीस फुलं लागतात. चहाच्या बशीएवढी, मध्ये काळसर तपकिरी आणि भोवतीनं झणझणीत पिवळी. पानं खरखरीत, हाताला घासली की खाज सुटते. समोरून बघणाऱ्याला लग्नघराचा थाट दिसतो. मागून बघणाऱ्याला हिरवे केसाळ देठ, खालची वाळकी पानं आणि मुंग्यांची रांग. मी मागून बघणाऱ्यांतली.

लावली कशासाठी तेही सांगून टाकते. जावेचं तोंड दिसू नये म्हणून लावली.

आमचं गाव बेळगावपासून सिटी बसनं पाऊण तासावर. पूर्वी मधे नुसती शेतं होती, आता प्लॉट पडलेत आणि गाव कुठं संपतं ते कंडक्टरलाच ठाऊक. दोन भावांची दोन घरं एकाच परड्यात, मागची दारं समोरासमोर, मधे वीसेक पावलांची मोकळी जागा. थोरल्या दिरांचं घर उगवतीला, आमचं मावळतीला. वाटण्या झाल्या तेव्हा भांडण झालं नाही, याचं गावाला अजून वाईट वाटतं. शेत वाटलं, भांडी वाटली, म्हशीसुद्धा वाटल्या. देव तेवढे वाटले नाहीत. देव थोरल्याकडं राहतात, ही आमची रीत. नवरात्रातला घट त्यांच्या घरात बसायचा आणि घटाला रोजची माळ धाकट्या घरानं करून न्यायची. म्हणजे मी.

जावेला मी आक्का म्हणते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी निपाणीकडची. लग्न होऊन आले तेव्हा भाकरी थापली की तिला समुद्रकिनारा फुटायचा. आक्कांनी शेजारी बसवून शिकवलं. पुढं मला बेळगावात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा घरात कुरकुर सुरू झाली, सून सकाळी आठच्या बसला गेली तर चुलीपुढं कोण? आक्का पीठ मळता मळता म्हणाल्या, "जाऊ दे तिला. भाकरीचं माझ्याकडं लागलं." एवढ्यावर विषय संपला. तीस वर्षांची माझी नोकरी त्या एका वाक्यावर उभी होती, हे मी नाकारत नाही. वाक्यं त्यांची थोडी असायची, पण बसायची.

घटाचं असं असतं. पत्रावळीवर शेतातली माती पसरायची, तिच्यात धान्य पेरायचं, वर पाणी भरलेलं मडकं ठेवायचं आणि रोज एक माळ वरून सोडायची. नऊ दिवस, नऊ माळा. माळ चुकवायची नाही. आमची माळ कारळ्याच्या फुलांची. कारळं लोकांना चटणीतलं ठाऊक असतं, पण नवरात्रात त्याचं शेत बघावं, नुसतं पिवळं. फूल मात्र नाजूक. दव असतानाच खुडायचं, ऊन चढलं की मान टाकतं. पहाटे शेतात जाऊन ओटीत फुलं आणायची, एका हातानं कुकरची शिट्टी सांभाळत दुसऱ्या हातानं ओवायची, पलीकडं जाऊन घटावर सोडायची आणि मग बस गाठायची. पंचवीस वर्षं केलं. कौतुक कुणी केलं नाही आणि मला नको होतं.

त्या वर्षी सातव्या माळेच्या दिवशी निपाणीहून फोन आला. माझा दादा, थोरला भाऊ, पहाटे गेला. झोपेतच. माझ्या मांडीवर माळ अर्धी ओवून झाली होती.

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक किती, यावर आमच्या गावात दोन म्हाताऱ्यांचं एकमत सापडायचं नाही. एक म्हणेल तीन दिवस, दुसरी म्हणेल दीड, तिसरी म्हणेल डोक्यावरून पाणी घेतलं की सुटलं. पण कानावर आल्यावर देवाच्या कशालाही हात लावायचा नाही, यावर सगळ्यांचं एक. मला हे माहीत होतं. मी फोन ठेवला आणि उरलेली माळ ओवली. पलीकडं गेले, घटावर सोडली. आक्कांनी चहा घेतेस का विचारलं, मी नको म्हटलं. परत आले, ह्यांना उठवलं आणि सांगितलं, दादा गेला.

का केलं असं? माळ चुकली तर घरावर काहीतरी येईल, ही भीती होती, नाही म्हणत नाही. पण दुसरंही होतं. फुलं ओवत होते तोवर दादा गेलेला नव्हता. सुई खाली ठेवली असती की गेला असता. निपाणीत पोचले तेव्हा माझे डोळे कोरडे होते. बायका एकमेकींकडं बघत होत्या. मला त्यांचंही भान नव्हतं, दोऱ्याला गाठ नीट बसली का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

ह्यांना मी सगळं खरं सांगितलं. ह्यांनी भावाला सांगितलं, भावानं बायकोला. आमच्या घरात गुपिताची धाव एवढीच. आक्का तेव्हा काही बोलल्या नाहीत.

दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांत थोरले दीर गेले. शेतातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, बेळगावला दवाखान्यात नेईपर्यंत वाटेतच संपलं. बाराव्या दिवशी घर भरलेलं होतं. मी स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. बाहेरच्या सोप्यात सगळ्या बायका बसलेल्या. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा आक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुतकाच्या हातानं माळ सोडलीस. माझं कुंकू तू पुसलंस."

तांब्या मी तिथंच ठेवला आणि घरी आले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

मी शिकलेली बाई. दिरांना ब्लड प्रेशर होतं, गोळ्या ते आठवण झाली तर घ्यायचे, डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, हे मला माहीत होतं. माळेनं माणूस मरत नाही हेही माहीत होतं. तरी बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की ते वाक्य यायचं. ऑफिसात फॉर्मवर शिक्के मारताना यायचं. बेळगावच्या शहापुरात साडी घ्यायला गेले आणि दुकानदारानं हिरवी, हळदी-कुंकवाला शोभेल अशी साडी पुढं उलगडली, तिथंही आलं. खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मी ते मान्य केलं होतं. म्हणून तर इतकं लागलं. साफ खोटं असतं तर झटकून टाकलं असतं.

मला एकच गोष्ट हवी होती. आक्कांनी ते वाक्य परत घ्यावं. चारचौघांत नको, माफी नको, पाया पडणं तर नकोच, त्या मोठ्या. नुसतं परड्यात उभ्या राहून म्हणाव्यात, मी बोलले ते खरं नव्हं. दोघींतली एक जायच्या आधी एवढं व्हावं. त्यांच्या तोंडून निघालेलं त्यांच्याच तोंडून परत जायला हवं होतं. दुसऱ्या कुणी कितीही सांगून उपयोग नव्हता. ह्यांनी शंभरदा सांगितलं, "अगं, सोड." सोड म्हणायला काय लागतं.

सूर्यफुलांचं बी कॉलेजातल्या माळ्यानं दिलं. उन्हाळ्यात मी त्याला विचारलं होतं, भिंत न बांधता आडोसा होईल असं काय लावू? भिंत बांधायला ह्यांची ना होती. वडिलांच्या परड्यात भिंत नको म्हणे. माळी कन्नड बोलणारा, पण मराठी आमच्याइतकीच पक्की. त्यानं कागदाची पुडी हातावर ठेवली. "सूर्यकांती री बाई. बारकी फुलं, पण उंच लई जातंय. तुमचा आडोसा हुतोय बघा." मी पुडी पर्समध्ये टाकली. दोन पावलं गेल्यावर तो मागून म्हणाला, "तोंड मात्र उगवतीलाच करतंय री. तुमचं घर कुठल्या अंगाला?" मी लक्ष दिलं नाही. बसची वेळ झाली होती.

आषाढात पेरलं, नवरात्रात फुललं. आडोसा चांगला झाला, पलीकडचं काही दिसेना. पण फुलं उमलली आणि सगळीच्या सगळी पूर्वेला वळून उभी राहिली. ह्यांनी मागच्या दारातून बघितलं आणि चहाचा घोट घेऊन म्हणाले, "वहिनींना बाग करून दिलीस की." मी त्या दिवशी ह्यांच्याशीही बोलले नाही.

दर वर्षी वाटायचं, पुढच्या खेपेला नको. पण बी आपलं आपण पडायचं आणि पावसाबरोबर उगवायचं. उगवलेलं उपटायचा माझा स्वभाव नाही. मग आमच्या पावसात ते झोपू नये म्हणून काठ्या लावायच्या, सुतळीनं बांधायचं, पोपट हाकलायचे. निवृत्त झाल्यावर वाटलं होतं, आता वेळ आहे. वेळ आला आणि गुडघे गेले. वाफ्यात बसलं की उठताना काठीलाच धरावं लागायचं, म्हणजे झाडाला आधार द्यायला रोवलेली काठी शेवटी मलाच लागायची.

पलीकडं आक्का एकट्या. मुलगा बंगळूरला, चांगल्या नोकरीत. दर नवरात्रात येऊन घट बसवायचा आणि बाजारातून झेंडूच्या माळा आणायचा. सकाळी स्वयंपाकाला एक बाई यायच्या आणि अकराला जायच्या. बाकी दिवस आक्का आणि त्यांचं घर. हे रोज संध्याकाळी जाऊन बसत. गेल्या वर्षभरात परत आले की म्हणायचे, "वहिनी हल्ली विसरतात. आज मला दोनदा जेवलास का विचारलं." मी भाजी निवडत म्हणायचे, "सोयीचं तेवढं विसरत असतील." ह्यांनी एकदा माझ्याकडं नुसतं बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही.

या वर्षी मुलाला रजा मिळाली नाही. विजयादशमीला येतो, तोवर काका तुम्ही बघा, असा फोन आला. घट बसवायला हे गेले, तर आक्कांनी सगळं आधीच मांडलेलं होतं. पत्रावळ, माती, धान्य, मडकं, काही चुकलं नव्हतं. हे मला म्हणाले, "हाताला सगळं येतंय त्यांच्या. माळेचं तेवढं काय ते बघ." मी म्हटलं, बाजारात झेंडू मिळतो. ह्यांनी दोन दिवस आणला. आक्कांनी तो घटावर घालू दिला नाही. धाकटी आणती, म्हणाल्या म्हणे. हे मला ह्यांनी सांगितलं, पण मी कुकर लावत होते, आणि आक्कांना टोमणा मारायचा असेल असं मी धरून चालले.

पाचव्या दिवशी सकाळी पाणी घालताना एका पानावर मला लाल दिसलं. वाकून बघितलं तर कुंकू. शेजारच्या पानावर हळद. झाडांमधून हात घालून एक फूल इकडं वळवलं, तर त्याच्या काळ्या मध्यावर बोटानं ओढलेली हळद आणि कुंकू. दुसऱ्यालाही. हाताला येतील तेवढ्या सगळ्या फुलांना. बुंध्याशी तांदळाचे दाणे आणि साखरेची चिमूट, तिच्यावर मुंग्या चढलेल्या.

माझ्या मनात पहिला शब्द आला तो करणी. तीस वर्षं कॉलेजात नोकरी केलेल्या बाईच्या मनात. लाज वाटते, पण आला. कुंकू गेलं म्हणून माझ्या कुंकवावर उठल्या, असं वाटलं. ह्यांना ओढत आणून दाखवलं. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं. "पोपटांची संक्रांत असेल," म्हणाले. मग माझा चेहरा बघून हळू आवाजात म्हणाले, "एकदा तू स्वतः जाऊन बघ. मी किती सांगू?"

मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी हळद-कुंकू वाढलं होतं. त्या दिवशी हे पेन्शनच्या कसल्याशा कागदासाठी बेळगावला गेले होते. मी जेवले नाही. बाराच्या सुमाराला शेडमधला विळा घेतला आणि सगळीच झाडं आडवी करायची असं ठरवून वाफ्यात शिरले. इतकी वर्षं वाढवलं, पुरे झालं. आडोसा नको, फुलं नकोत, काही नको. पहिला बुंधा हिसका देऊन कापला. आतून तो पोकळच असतो, एका घावात आडवा झाला. दुसरा कापला. तिसरा पडला आणि मधे दारासारखी जागा झाली.

पलीकडं आक्का उभ्या होत्या. हातात हळदी-कुंकवाचं तबक. अंगावर शहापूरच्या मागावरची जुनी हिरवी साडी. आणि आठ वर्षं मोकळ्या असलेल्या त्यांच्या कपाळावर कुंकू होतं, रुपयाएवढं, थोडं तिरकं झालेलं. त्या झाडांशी बोलत होत्या. एका फुलाला बोट लावून म्हणत होत्या, "बसा की गं. सकाळधरनं उभ्याच हायसा. पाय मोडून येतील." मग पुढच्या फुलाकडं वळून, "तुमी कुठल्या म्हणायच्या? वळख लागत न्हाय."

ओळीनं उभ्या, डोक्याहून उंच, पिवळ्या पदरांच्या, सगळ्या त्यांच्याच दाराकडं तोंड करून. त्यांना त्या हळदी-कुंकवाला आलेल्या बायका वाटत होत्या. किती दिवस वाटत होत्या कोण जाणे. मी विळा हातात धरून उभी राहिले.

मग त्यांनी मला बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ तोंडाकडं बघितलं, आणि जरा रागावून म्हणाल्या, "आलीस व्हय? घट तसाच बसलाय. माळ कुठाय?"

मी विळा मागं नेला.

"आणि इळा कशाला गं हातात?"

"फुलं काढाय," मी म्हटलं.

"मग काढ की. मालक शेताकडनं येतील आता. माळ झाल्याबिगार जेवाय बसत न्हाईत, ठाव हाय न्हवं तुला?"

मालक म्हणजे दीर. त्यांच्या हिशेबी ते शेतावर होते. म्हणून कपाळावर कुंकू होतं. ते गेलेच नव्हते, तर कुणी पुसायचं आणि काय पुसायचं? बारावा दिवस झाला नव्हता, सोप्यात बायका बसल्या नव्हत्या, मी तांब्या ठेवून घरी आले नव्हते. सगळं फक्त माझ्याकडं उरलं होतं. आठ वर्षं मी ज्या बाईच्या तोंडून एक वाक्य परत मागत होते, ती बाई ते वाक्य घेऊन कधीच निघून गेली होती. मला इतकं दमल्यासारखं झालं की खाली पडलेल्या झाडांवरच बसावंसं वाटलं.

पण फुलं काढली. पडलेल्या तीन झाडांची, समोरच्या अंगानं. आक्कांनी सुई-दोरा आणून दिला, कुठं असतो ते त्यांना बरोबर आठवत होतं. त्यांच्या मागच्या पायरीवर बसून मी ओवायला लागले. कारळ्याच्या फुलात सुई आपोआप जाते. ही फुलं जाड, मधे कडक, दर वेळी सुई रुतून बसायची. आक्का शेजारी बसल्या. दारातून आतला घट दिसत होता. धान्य वीतभर वर आलं होतं आणि वर माळ नव्हती, सहा दिवस.

सातवं-आठवं फूल ओवताना हात थांबला. मला ते पुढं ओवता येईना. या हातांची माळ पुन्हा घटावर जायची, आणि त्यांना काही आठवत नाही म्हणून गपचूप जायची, हे मला जमेना. चोरी केल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "आक्का, माझ्या हातची माळ नको. मी एकदा सुतकात माळ सोडलेली. त्यावरनं एक बाई मला चारचौघांत बोलली. म्हणाली, माझं कुंकू तू पुसलंस."

आक्कांनी तबक खाली ठेवलं. "कोण म्हणली तसं?"

मी दोऱ्याची गाठ चाचपली.

"सांग की, कोण बया म्हणली? माळंनं कुणाचं कुंकू पुसतंय व्हय? तिच्या जिभंला काय हाड हाय का न्हाय? लई वंगाळ बाई असंल ती. तू मनाव घिऊ नगंस. मला दाव ती, मी बघून घेते तिला." त्यांचा आवाज चढला होता. माझ्या बाजूनं भांडायला त्या उठायच्या बेतात होत्या, आणि भांडायला समोर कुणी नव्हतं.

मिळालं. मला हवं होतं ते मिळालं, मागितलं होतं त्याहून जास्त मिळालं, त्यांच्याच तोंडून. मला वाटलं होतं त्या दिवशी हलकं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. मी नुसती दोऱ्याकडं बघत बसले.

आक्का जरा शांत झाल्या. मग त्यांना काहीतरी सुचलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण सुतक कुणाचं गं तुला?"

"दादाचं. निपाणीच्या."

"तुझा दादा गेला? कवा?"

आठ वर्षं झाली, असं सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "सकाळी. सकाळीच फोन आला."

"आणि तू माळ ओवत बसलीस?" त्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली. माळ बाजूला सारली. "आगं, रडली न्हाईस तू?"

मी मान हलवली. त्यांनी माझं डोकं धरून आपल्या मांडीवर घेतलं, साठीच्या बाईचं डोकं, आणि मला जे रडू आलं ते माझ्याच्यानं आवरेना. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मग मान वर करून समोरच्या सूर्यफुलांना म्हणाल्या, "थांबा गं बायांनो जरा. हिचा भाऊ गेलाय."